आई, रिपोर्ट आला

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर आई रडते आणि बाबा ‘बरं, बरं’ म्हणून फोन ठेवतात, म्हणून लिहायला बसलेय.

चिऊचा रिपोर्ट आला. ड्रावे सिंड्रोम. एससीएन१ए नावाच्या जनुकात एक अक्षर बदललंय. त्यामुळे मेंदूला आवर घालणाऱ्या पेशी कमी पडतात आणि फिट येते. समीरचं आणि माझंही रक्त तपासलं, आमच्या दोघांत तो बदल नाही. तेव्हा बाबा, हे बेबीआत्यासारखं तुमच्या घराण्यातून आलं, हा विषय आता संपला. माझ्यातच नाही, तर तुमच्याकडून चिऊपर्यंत पोचेल कसा? (तुम्हाला साल सांगितल्याशिवाय पटत नाही, म्हणून: डॉ. शार्लोट ड्रावे यांनी हा आजार १९७८मध्ये मांडला. जनुकाचा पत्ता २००१मध्ये लागला. तेव्हा तपासलेल्या सातही मुलांत बदल नव्यानेच झालेला होता, आईबापांत नव्हता.)

आता आई, तुझं. सहा महिन्यांची चिऊ तुझ्या पायांवर न्हात होती आणि तिला पहिली फिट आली, तो दिवस. त्यानंतर अडीच वर्षांत तू तिला एकदाही न्हाऊ घातलं नाहीस. टॉवेल घेऊन दाराशी उभी राहतेस. मला दिसतं गं. खोटं नाही सांगत, या मुलांना गरम पाण्यानं फिट येऊ शकते. तापानंही येते. पण पाण्यानं आजार झाला नाही, तो पोटात असल्यापासूनच होता. त्या दिवशी नाही, तर पुढच्या तापात दिसला असता. मलाही तू तसंच कढत पाणी घालायचीस. मी भोकाड पसरलं की ‘झालं, झालं, हर गंगे भागीरथी’ म्हणत शेवटचा तांब्या ओतायचीस. चिऊला मी अजून तेच म्हणते, फक्त पाणी कोमट.

उलट त्रास वाढवला तो आधीच्या औषधानं. या आजारात कार्बामाझेपिननं फिट्स वाढू शकतात. आता ते बंद आहे. व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम चालू आहे.

एक गोष्ट मी तुम्हाला न विचारता केलीय. मे महिन्याची अकोल्याची तिकिटं रद्द केली. रागावू नका. ४५ अंशांचं ऊन, दुपारी जाणारी लाइट, रात्रभराची गाडी. गाडीत फिट आली तर मी काय करू? नातेवाइकांना तोंड चुकवते असंही नाही. बरं, थोडंसं तेही आहे. जावळ इथेच काढू. माहूरला तू जा, आमचा नमस्कार सांग, देवी समजून घेईल.

त्यापेक्षा जुलैत तुम्हीच या. मागची खोली रिकामी केलीय, कमोड आहे, बाबांची वेताची खुर्ची खिडकीशी ठेवलीय. पेपर सहाला येतो. आईला मालिकेसाठी वेगळा टीव्ही.

आल्यावर मात्र माझं ऐकायचं. फिट आली तर कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात चमचा तर मुळीच नाही. कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटं झाली की नाकात मिडॅझोलॅमचा, म्हणजे फिट थांबवणाऱ्या औषधाचा फवारा. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवलाय. बाबा, घड्याळ तुमच्याकडे. बीपीची गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून चुकवायची नाही, मी पाकीट मोजणार आहे.

आणि आई, चिऊला न्हाऊ तूच घालायचंस. कोपर बुडवून पाणी बघ, मी शेजारी बसेन. तुझ्या पायांवर ती आता मावायची नाही, म्हणून बुटका पाट आणलाय.

तुमची,
बेबडी