पोकरच्या हिशेबातले सुटलेले रकाने

महोदय,

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने ऑगस्ट 2025 मध्ये कायद्याने बंदी आणली, तेव्हापासून पोकर हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा वाद आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात सुरू आहे. पोकरचा कोणता प्रकार आणि किती डावांची नोंद, हे दोन प्रश्न मात्र त्यात कोणी विचारलेले दिसत नाहीत.

मी नौपाड्यात कर सल्लागार आहे. महापे येथे नोकरी करणारा एक तरुण बंदीपूर्वीच्या वर्षाचे विवरणपत्र भरण्यासाठी आपली एक्सेल फाईल घेऊन आला होता. तारीख, खेळ आणि नफा-तोटा असे तीन रकाने, आणि खाली हिरव्या अक्षरांत बेरीज. कॅश गेम, टूर्नामेंट आणि तिघांत चटकन संपणारे सिट अँड गो अशा तिन्ही प्रकारांची रक्कम त्याने एकत्र केली होती आणि त्यावरून आपल्याला टूर्नामेंट जमतात असे ठरवून टाकले होते. नीट पाहिले तर सगळा नफा एका रविवारच्या एकाच टूर्नामेंटचा होता. तो वगळला की बेरीज लाल होत होती. किती डाव खेळले आणि फी किती गेली, हे रकाने फाईलमध्ये नव्हतेच.

टूर्नामेंटमध्ये बक्षीस साधारणपणे दहा-पंधरा टक्के खेळाडूंनाच मिळते आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या दोन-तिघांकडे जातो, त्यामुळे चांगला खेळाडूही बहुतेक वेळा फी गमावूनच उठतो. तेथे परतावा एकूण प्रवेश फीच्या टक्क्यांत मोजतात. कॅश गेममध्ये चिप म्हणजे थेट पैसा असतो, वाटेल तेव्हा उठता येते आणि हिशेब शंभर डावांमागे किती बिग ब्लाइंड (डाव सुरू होताना एका खेळाडूला लावावी लागणारी ठरलेली रक्कम) मिळाले असा ठेवला जातो. या दोन मापांची बेरीज होऊच शकत नाही.

डावांच्या संख्येचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. समजा, एखादा खरोखर कुशल खेळाडू शंभर डावांमागे सरासरी 5 बिग ब्लाइंड कमावतो आणि त्याच्या निकालांचे प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीच्या वर-खाली किती हलतात याचे माप, शंभर डावांना 90 बिग ब्लाइंड आहे. कॅश गेममध्ये हे आकडे अवास्तव नाहीत. दहा हजार डावांनंतर त्याचा अपेक्षित नफा 500 आणि विचलन 900 येते, म्हणजे इतके खेळूनही तो तोट्यात असण्याची शक्यता सुमारे 29 टक्के उरते. एक लाख डावांनंतर ती चार टक्क्यांच्या आसपास येते. ताशी सत्तर डाव धरले, तर एका टेबलावर लाखभर डाव म्हणजे चौदाशे तासांहून अधिक बैठक झाली. नोकरी सांभाळून, ठाणे-वाशी लोकलच्या प्रवासात खेळणारा नवखा तेथवर पोहोचण्याआधीच आपल्या कौशल्याविषयी निकाल देऊन मोकळा होतो. कौशल्य आणि नशीब दोन्ही खरे आहेत, पण महिन्याभराच्या नोंदीत दिसते ते मुख्यतः नशीब.

कराचा रकानाही असाच सुटतो. 1 एप्रिल 2023 पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के दराने उद्गम करकपात (टीडीएस) लागू झाली, आणि अशा खेळातला तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. त्या तरुणाला याची कल्पना नव्हती.

आता फुकटच्या चिपांवर खेळणाऱ्यांनीही प्रकारवार नोंद जरूर ठेवावी. मात्र गमवायला काही नसले की समोरचा कोणत्याही पत्त्यांवर डावात टिकून राहतो, त्यामुळे त्या नोंदीवरून पैशांच्या खेळाचा अंदाज बांधू नये. ज्यांनी बंदीपूर्वी पैसे लावून खेळले आहे, त्यांनी जमा, काढलेली रक्कम आणि कापलेला कर यांचा खात्यावरील तपशील, अजून मिळत असेल तर, उतरवून ठेवावा. आयकर खात्याची विचारणा आली तर उपयोगी पडेल तो हाच तपशील.

आपला,
एक कर सल्लागार, नौपाडा, ठाणे (पश्चिम)