ये एकदा दवाखान्यात

आर्वी, जि. वर्धा

प्रिय गड्या,

तुझं पत्र मिळालं, ढोरांचा डॉक्टर व्हायचं म्हणतोस. अमेरिकेत व्हेटर्नरीच्या अर्जात जनावरांसोबतच्या कामाचे तास लिहावे लागतात, हे तुझ्या मावसभावानं सांगितलं ते खरंच आहे. आपल्या नागपूरच्या कॉलेजला मात्र नीटचे गुण लागतात. तू किती शेण काढलं, हे तिथं कोणी विचारत नाही. तरी परीक्षा झाली की ये. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा कोर्स आहे, ते काम झेपते का हे आधी पाहून घे. कुत्र्या-मांजरांच्या व्हिडिओत ते कळत नाही बाप्पा.

आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांशी बोलून ठेवलं आहे. ढोर अडकवतात त्या खोड्याजवळ उभं राहायचं, सुईला हात लावायचा नाही, एवढीच त्यांची अट. गाय फुगून आली तर डावी कूस पाहा. कोठीपोट, म्हणजे चारा साठतो ते मोठं पोट, त्याच बाजूला असते, टिचकी मारली की ढोलकीसारखी वाजते. पण खरं शिकण्यासारखं म्हणजे साहेबांचे प्रश्न. काल काय चारलं? रवंथ करते का? शेण कसं टाकते? ढोर बोलत नाही आणि मालक अर्धंच सांगतो. घरचा काढा पाजला, कोणाच्या सांगण्यावरून गोळ्या दिल्या, हे त्याच्या तोंडून काढायला साहेबांना सुईपेक्षा जास्त वेळ लागतो. तुझ्यासारख्या लाजाळू माणसानं हेच आधी पाहावं, असं माझं मत.

संध्याकाळी आखरावर, गावची ढोरं जमतात तिथं, गायकीसोबत बस; ढोरं चारतो तो. आपल्याकडच्या गवळाऊ जातीची गाय लांबूनच चालीवरून ओळखतो तो, कोणती लंगडते तेही. दात पाहून वय सांगणंही त्याच्याकडूनच शीक: दोनदाती, चारदाती, सगळे दात आले की जुळलेला. पुस्तकात आहे म्हणतात, पण बैल तोंड उघडू देत नाही हे पुस्तकात नसेल.

एक मात्र ऐक. गाय गाभडली, म्हणजे गर्भ पडला असेल, तर वारेला उघडा हात लावू नको; त्यातून ब्रुसेलोसिस हा आजार माणसालाही होतो. लाळ गाळणाऱ्या ढोराच्या तोंडात हात घालायचाच नाही, पिसाळलेलं असू शकते. रेबीजची लस आधीच घेता येते, तिकडच्या डॉक्टरांना विचारून घेऊनच ये.

गमबूट आण, माझे तुला होणार नाहीत. म्हैस गाभण आहे, दिवस भरत आले. रात्री उठवलं तर कुरकुर करायची नाही.

तुझाच दोस्त