वसतिगृहाच्या आठवणी गोड, गाद्यांचे काय?

मा. संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला वसतिगृहातल्या दिवसांवरचा लेख वाचला. भाषा सुरेख आहे, त्याबद्दल वाद नाही. रात्ररात्र चालणाऱ्या गप्पा, एकाचा शर्ट घालून दुसऱ्याने दिलेली मुलाखत, परीक्षेच्या आदल्या रात्री चौघांत फिरणारी एकच वही, हे सगळे खरेच असणार. फक्त एवढ्या अर्ध्या पानाच्या लेखात कोणी एकदाही अंग खाजवलेले दिसले नाही. तेव्हा लेखक महाशय वसतिगृहात राहिले होते की विश्रामगृहात, अशी शंका आली. सोबतच्या चित्रातली पांढरीशुभ्र चादर पाहून ती पक्की झाली.

मी तिघींच्या खोलीत राहते. आमच्याकडे ढेकूण आले कसे, हे छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही. पण अंदाज बांधायला फार डोके लागत नाही. सुट्टीत सगळ्या मजल्यांवरच्या गाद्या एका कोठीत एकावर एक रचून ठेवतात आणि नवे सत्र सुरू झाले की हाताला येईल ती गादी समोर येईल त्या खोलीत टाकतात. त्यातल्या एकीत अंडी घालणारी मादी असली की पुरे.

सुरुवात झाली एकीच्या दंडावरच्या लाल चट्ट्यांपासून. आधी डासांना शिव्या घातल्या, मग साबण बदलला, मग दवाखान्यातून मलम आणले. आमच्या दुसऱ्या पार्टनरच्या अंगावर मात्र एक डाग नाही. 'तुमचीच कातडी नाजूक' असे तिने जाहीर केले आणि खोलीत अबोला सुरू झाला. पुढे कळले की ढेकूण चावला तरी काही जणांच्या अंगावर काहीच उमटत नाही. म्हणजे चावे तिघींनाही, खाज मात्र दोघींनाच! शेवटी एका पहाटे मोबाइलचा टॉर्च लावून गादी उलटी केली. शिवणीच्या दुमडीत शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग, टाकून दिलेल्या पातळ काती, आणि कोपऱ्यातल्या घडीत एकमेकांना चिकटून बसलेले जेमतेम पाच मिलिमीटरचे चपटे तपकिरी जीव. एकाला पेनाच्या टोपणाने दाबले तर रक्त निघाले. ते अर्थातच आमचे होते.

कार्यालयात तक्रार नोंदवायला गेलो तर रेक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "खोली रोज झाडता का?" दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली की विद्यार्थिनींनी वैयक्तिक स्वच्छता पाळावी. आजार रेड्याला आणि औषध पखालीला ते असे. ढेकणाला घाण नको असते, त्याला रक्त लागते. झोपलेल्या माणसाच्या अंगाची ऊब आणि श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड यांच्या मागावर तो येतो. चादर काल धुतली की गेल्या महिन्यात, याची चौकशी करत नाही. पसारा असला तर त्याला लपायला जागा जास्त मिळते, एवढे कबूल. पण लोखंडी खाटेच्या पोकळ नळ्या, भिंतीच्या भेगा आणि निखळलेला स्विचबोर्ड हा पसारा आमचा नव्हे, संस्थेचा आहे.

खेटे घातल्यावर अखेर पाठीला पंप लावलेले एक गृहस्थ आले. आमचीच खोली फवारली, सही घेतली आणि गेले. शेजारच्या खोलीला हात लावायचा हुकूम नव्हता. पंधरवडा उलटायच्या आत डावीकडच्या खोलीतल्या मुली आमच्यापाशी कुरकुरू लागल्या, मग समोरच्या. ढेकूण उडत नाही, उडीही मारत नाही, पण चालतो चांगला, आणि औषधाचा वास आला की पाइपाच्या कडेने आणि भेगांतून पलीकडे सरकतो. शिवाय आपल्याकडे सर्रास मारतात त्या पायरेथ्रॉइड जातीच्या औषधांना बऱ्याच ढेकणांनी दाद देणे केव्हाच सोडले आहे. बहुतेक फवाऱ्यांतून अंडी वाचतात ती वेगळीच. आठ-दहा दिवसांत ती फुटतात आणि नव्याने पंगत बसते. म्हणून दोन आठवड्यांच्या अंतराने दुसरी फवारणी करावी लागते. आणि तीही दोन्ही बाजूंच्या, वरच्या आणि खालच्या खोल्यांसकट. हे कोणतेही गूढ शास्त्र नाही. आमच्याच विद्यापीठात कीटकशास्त्र शिकवले जाते, वसतिगृहापासून चालत जाता येईल अशा इमारतीत! तिथल्या कोणाला विचारावे असे कार्यालयाला वाटले नाही. "एकदा फवारणी झालेली आहे, तशी नोंद आहे," हे उत्तर मात्र तयार होते.

त्यावर दुसरे उत्तर असे की, "सुट्टीत खोल्या रिकाम्या राहतील, उपाशी मरतील आपोआप." मोठा ढेकूण काही न खाता कित्येक महिने तग धरतो. सुट्टी संपून आम्ही परत येऊ तेव्हा तो नुसता जिवंत नसेल, भुकेलेला असेल. तिसरे उत्तर, "त्याने काही रोग होत नाही." हे बरोबर आहे. ढेकणांमुळे माणसात रोग पसरतो असे सिद्ध झालेले नाही. पण खाजवून झालेल्या जखमा चिघळतात आणि रात्र रात्र डोळा लागत नाही. आमची एक जण अभ्यासिकेत टेबलावर डोके ठेवून झोपायची, तर तिथल्या पहारेकऱ्याने 'ही झोपायची जागा नाही' म्हणून उठवले. त्याचेही बरोबरच. झोपायची जागा कोणती, एवढेच कोणी सांगेना.

लेखकाने 'कोणाच्याही खोलीत केव्हाही शिरावे' त्या मोकळेपणाचे फार कौतुक केले आहे. आमच्या मजल्यावर बातमी फुटल्यावर काय झाले ते त्यांना कळवावेसे वाटते. मैत्रिणी दारात उभ्या राहून बोलू लागल्या. वर्गात आमच्या पिशव्यांशेजारी पिशवी ठेवताना एकीने सगळ्यांसमोर हात आखडला. शर्ट उसना मागण्याचा तर प्रश्नच मिटला. ढेकणासंगे हिरा भंगला म्हणतात. इथे हिरे कोण, हे मी ठरवत नाही, पण भंगायची वेळ आमच्यावर आली खरी. आणि ज्या खोल्यांत ढेकूण आधीपासून होते, त्यांनी आमची ही गत पाहून तोंड मिटून घेतले. तक्रार केली की अस्पृश्य ठरायचे, तर तक्रार करेल कोण? त्यामुळे कार्यालयाच्या वहीत आजही ढेकूण एकाच खोलीत आहेत.

उपाय म्हणून आम्ही स्वतः काय केले, तर कपडे आणि चादरी कडक पाण्यात धुवायच्या ठरवल्या. साठ अंशांच्या आसपास पाणी असेल तर ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. पण वसतिगृहात गरम पाणी सकाळी ठरावीक वेळेतच, आणि तेही 'कोमट' म्हणावे की 'थंड नाही' म्हणावे इतपत. गादी उन्हात टाकली, तर आतपर्यंत तेवढी उष्णता पोचत नाही. वरचे खाली जाऊन बसतात. मग वैतागून एकीने शिवण उसवून आतला कापूस झटकला. झाले! ती वसतिगृह सोडून गेली तेव्हा तिच्या अनामतीतून 'गादीचे नुकसान' म्हणून रक्कम कापली. ढेकणांचे भाडे कापले नाही हे आमचे नशीब.

अनामतीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. 'सामाईक नुकसान' या नावाखाली दर सत्राअखेर सगळ्यांकडून जी कपात होते, तिचा तपशील मागितला तर मिळत नाही. न्हाणीघरातला आरसा आम्ही आलो तेव्हाच तडकलेला होता. त्याची भरपाई आमच्या आधीच्यांनी दिली, आम्ही दिली, आमच्यानंतरच्याही देतील, आणि आरसा अजून तोच आहे. याविषयी मी गेल्या वर्षी आपल्याच वृत्तपत्राला पत्र पाठवले होते. ते आपण छापलेत, याबद्दल आभार. पण आरशाचा भाग गाळून फक्त 'विद्यार्थ्यांनीही जबाबदारीने वागावे' हे, मी उपरोधाने लिहिलेले वाक्य तेवढे ठळक टाइपात छापलेत. फलकावर त्याचे कात्रण बरेच दिवस लावलेले होते.

वसतिगृहाच्या आठवणी कोणी लिहू नयेत असे माझे म्हणणे नाही. पण राहून गेलेल्यांच्या आठवणी वाचून राहणाऱ्यांच्या तक्रारी 'नाजूकपणा' ठरतात, हे लेखकांनी ध्यानात घ्यावे. 'आम्ही नाही का काढले दिवस' हे वाक्य मी या वर्षात रेक्टर मॅडम, घरचे आणि आता आपली पुरवणी अशा तिघांकडून ऐकले आहे. दुसरी फवारणी अजून झालेली नाही. गाद्यांना चेनची बंद खोळ घातली तर आतले ढेकूण बाहेर येऊ शकत नाहीत, असा अर्जही दिला आहे. तो 'वरिष्ठांकडे' आहे. परीक्षेच्या आत खाली यावा.

जागेअभावी पत्र कापावे लागले तर खुशाल कापा, पण शेजारच्या खोल्याही फवाराव्या लागतात तो भाग तेवढा ठेवा.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी

(कृपया नाव प्रसिद्ध करू नये. माझी अनामत अजून परत मिळायची आहे.)