इथे 'आइ' म्हणजे मूल

गिम्हे, दक्षिण कोरिया
१७ नोव्हेंबर २०२४

चि. सोहमला अनेक आशीर्वाद.

पाकिटावर मी मोठ्या अक्षरांत 'पूर्वपरीक्षेनंतर उघडणे' लिहिलंय. तू ते आधीच फाडलं असशील हेही मला ठाऊक आहे. असू दे.

परवा फोनवर तू विचारलंस, "अजून एक वर्ष कशाला, आई?" आणि मी "कर्ज फिटायचंय ना रे" म्हणून विषय बदलला. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. फोनवर तू नुसता 'हं' म्हणतोस आणि त्या 'हं'पुढे माझी गाडी जात नाही. म्हणून कागद घेतला.

आधी तुझ्या आत्याचा प्रश्न निकालात काढते. "सहायक शिक्षिका म्हणजे मदतनीस का?" असं तिने आजीला विचारलं म्हणे. तिला सांग, हो, कागदोपत्री तसंच आहे. भारत आणि कोरियाचा व्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, त्यात इंग्रजीच्या सहायक शिक्षकांसाठी एक खिडकी ठेवली आहे. तिच्यातून मी आत आले. इथल्या खाजगी क्लासांत, ज्यांना हाग्वॉन म्हणतात, तिथे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा वगैरे सात देशांचेच लोक इंग्रजी शिकवायला घेतात. आपल्याला सरकारी शाळा, आणि तीही कोरियन शिक्षिकेच्या जोडीने. आणि आत्याला हेही विचार, की विनाअनुदानित तुकडीवर चौदा वर्षं मी कोण होते? तिथे तर पगाराचा कागदही नव्हता.

गंमत अशी, की शाळेत मला सगळे 'वॉनोमिन' म्हणतात. म्हणजे जिची ती मूळ भाषा आहे अशी. पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवलेली मी कराडकडची बाई, आणि इथे इंग्रजीची मूळ भाषक! पहिले काही दिवस खोट्या नोटेसारखं वाटायचं. कुणीतरी उजेडात धरून बघेल आणि परत करेल.

दिवस असा जातो. साडेआठला शाळा. दारात बूट काढून सपाता घालायच्या, मुलांनीही आणि मुख्याध्यापकांनीही. इंग्रजी तिसरीपासून सुरू होतं. चाळीस मिनिटांचा एक तास, आठवड्याला माझे बावीस. जोडीची शिक्षिका एकोणतीस वर्षांची आहे. ती मला 'सनसेंगनिम', म्हणजे आपलं 'बाई', म्हणते, मी तिला 'सनसेंगनिम' म्हणते, आणि आमची अर्धी ऊर्जा एकमेकींना मान देण्यातच जाते. ती व्याकरण कोरियनमध्ये समजावते. मी वाक्यं म्हणून दाखवते, खेळ घेते, वह्या बघते.

तुला आठवतं, आपली पोरं 'इस्कूल' म्हणायची? ही 'सुकूल' म्हणतात. आपली पुढे 'इ' लावतात, ही पोटात 'उ' घुसडतात. डेस्कचं 'देसुकु' होतं. यांच्या भाषेत 'फ' नाही म्हणून कॉफीची 'कॉपी' होते आणि फिशचा 'पिश'. "हाऊ आर यू?" विचारलं की तीस मुलं एका सुरात ओरडतात, "आयम फाइन, थँक यू, अँड यू?" एकाला ताप होता, कपाळ चटकत होतं, तोही फाइनच होता. आपल्या शाळेत बसल्यासारखं वाटलं मला.

आणि एक गोष्ट मी तुला सांगितलीच नाही. कोरियनमध्ये मुलाला 'आइ' म्हणतात. मुलं म्हणजे 'आइदुल'. शिक्षकांच्या खोलीत दिवसभर आइ, आइ, आइदुल चाललेलं असतं आणि पहिला महिनाभर मी प्रत्येक वेळी मान वळवून बघायची. आता वळवत नाही. पण कान टवकारतातच.

जेवण मुलांबरोबर. आपल्या मेसमधल्यासारखं खणांचं स्टीलचं ताट, चमचा आणि काड्याही स्टीलच्याच, त्यामुळे चणा उचलायला गेलं की पळतो. भात, सूप, किमची म्हणजे आंबवलेल्या कोबीचं तिखट लोणचं, आणखी दोन-तीन पदार्थ. सूप बहुतेक सुक्या मासळीच्या पाण्यात केलेलं आणि किमचीत खारवलेली कोळंबी. श्रावणात मी पहिले चार दिवस नुसता भात खाल्ला. पाचव्या दिवशी वाढणाऱ्या बाईंचा चेहरा इतका पडला, की सूप घेतलं. हे आजीला कळवू नकोस. डाळ-हिंगाची चिंता नाही. डोंगसांग-डोंगच्या बाजारात नेपाळ, श्रीलंका, उझबेकिस्तानच्या कामगारांसाठी दुकानं आहेत, तिथे सगळं मिळतं. कारखान्यांत कामाला आलेले हे लोक रविवारी तिथे भेटतात, आणि बहुतेकांचा निम्मा जीव फोनच्या पडद्यात अडकलेला असतो. माझ्यासारखाच.

गिम्हेचं भारताशी नातंही निघालं. इथे हॉ ह्वांग-ओक नावाच्या राणीची समाधी आहे. तेराव्या शतकातल्या जुन्या बखरीत लिहिलंय, की ती 'अयुता' नावाच्या देशातून नावेने आली आणि इथल्या सुरो राजाशी तिचं लग्न झालं. तिचं वय तेव्हा सोळा, साल इसवी ४८. अयुता म्हणजे अयोध्या असं इथले बरेच जण मानतात. खरं-खोटं विद्वान बघतील. पण चौथीतला किम आडनावाचा एक मुलगा मला म्हणाला, "टीचर, माय ग्रँडमा, इंडिया." गिम्हेचे किम त्या राणीचा वंश सांगतात. कराडहून अयोध्या किती लांब ते मी त्याला समजावत बसले नाही.

गुरुवारी इथे सुनुंग होती, त्यांची बारावीनंतरच्या प्रवेशाची परीक्षा. यंदा सव्वापाच लाखांच्या आसपास मुलं बसली. सकाळी सरकारी कचेऱ्या उशिरा उघडतात, रस्ते मोकळे राहावेत म्हणून. उशीर झालेल्या मुलाला पोलीस गाडीतून केंद्रावर सोडतात. आणि दुपारी इंग्रजीचा ऐकण्याचा पेपर असतो, तेव्हा १.०५ ते १.४० सगळ्या देशात एकही विमान चढत नाही की उतरत नाही. जी हवेत आहेत ती वरच घिरट्या घालतात. आमच्या गावावरून दिवसभर विमानं जातात, त्यामुळे एरवी आम्ही वाक्य अर्ध्यावर थांबवून पुन्हा सुरू करतो. त्या दिवशी पाचव्या तासाला अचानक शांत. सहावीची मुलंही गप्प झाली. त्यांनाही सहा वर्षांनी तिथेच बसायचंय ना. शाळा सुटली की पिवळ्या गाड्या फाटकाशी उभ्याच असतात, एक गणिताच्या क्लासला, एक इंग्रजीच्या, एक पियानोच्या. मी घड्याळात बघितलं, तुझ्याकडे पावणेदहा होत होते. तू अभ्यासिकेत बसला असशील, खालच्या चौकातल्या हॉर्नांच्या गोंगाटात. मला त्या शांततेचा हेवा वाटला. आणि रागही आला, एका इंग्रजीच्या पेपरसाठी आकाश थांबवायचं म्हणजे त्या पोरांच्या छातीवर केवढा दगड. दोन्ही एकदमच वाटलं.

आता खरं कारण.

ऑक्टोबरमध्ये एक दिवस मी इंग्रजीच्या वर्गात एकटी वह्या तपासत होते आणि भोंगा वाजला. मॉक ड्रिल होतं. सकाळी सगळ्यांच्या संगणकावर निरोप आला होता, कोरियनमध्ये. मीही तो पाहिला होता, म्हणजे नुसता पाहिला होता. अक्षरं मला आता येतात. बाराखडीवर वाढलेल्या माणसाला ती दोन आठवड्यांत येतात, पण अर्थ कुठे लागतो? बाहेर धावपळ, जिन्यावर पावलं, भोंगा थांबेना. मी कपाटाजवळ उभी. खाली उतरायचं, की टेबलाखाली शिरायचं? सेहेचाळीस वर्षांच्या बाईला रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात चौथीतला एक मुलगा दारात आला. आई व्हिएतनामची, वडील इथले. सात महिन्यांत माझ्या तासाला एक शब्द बोलला नव्हता, वहीत नुसती खोदकामाची यंत्रं काढायचा. त्याने माझी बाही धरली आणि म्हणाला, "टीचर, गो." रांग सोडून आला म्हणून खाली त्याला बोलणी बसली. मला तेवढं कोरियन कळलं.

त्या रात्री झोप लागली नाही. इथे जमीनच तापवलेली असते, अंथरूण घातलं की एरवी पाच मिनिटांत डोळा लागतो. आपल्या शाळेतली शेवटच्या बाकावरची पोरं आठवत राहिली. उत्तर आलं नाही की मी तास संपेपर्यंत उभं करायची. वाटायचं, लक्ष नाही. दर सोमवारच्या बैठकीत मी इथे काय करते, सांगू? सगळे हसले की हसते. सगळ्यांनी पान उलटलं की उलटते. मुख्याध्यापक माझ्याकडे बघायला लागले की पेन खाली पाडते.

आणि तू आठवलास. सातवीत होतास. मामाकडची सगळी जमली होती आणि मी तुला धडा मोठ्याने वाचायला लावला. तू 'आयलंड'चं 'इसलँड' वाचलंस. इंग्रजीच्या बाईंचा मुलगा, म्हणून मामा हसला, आणि मी सगळ्यांसमोर तुझ्या पाठीत धपाटा घातला. तू पुढचं वाचलं नाहीस. त्यानंतर माझ्यासमोर कधीच इंग्रजी वाचलं नाहीस, कॉलेजचे फॉर्मसुद्धा शेजारच्या दादाकडे नेऊन भरलेस. मला तेव्हाच कळलं होतं. मी विषय काढला नाही.

चुकलंच ते माझं.

म्हणजे बघ, कर्ज आहेच, पण मला इथे राहायचंय कारण मी पहिल्यांदाच शिकवायला शिकतेय असं वाटतं. त्या मुलाला मी आता यंत्रांची नावं विचारते. तो बोट दाखवतो, मी इंग्रजीत सांगते, तो मला कोरियनमध्ये सांगतो आणि माझे उच्चार ऐकून खदखदा हसतो. परवा तो 'बुलडोझर' म्हणाला. 'झ'चा 'ज' झाला, मी काही बोलले नाही. पुढच्या वर्षी तो पाचवीत जाईल.

याची दुसरी बाजूही मला दिसते. आजीचे गुडघे, तुझी मेस, गणपतीत बंद राहिलेलं घर. मी पुढच्या वर्षाचा फॉर्म भरलेला नाही. ड्रॉवरमध्ये आहे, २० डिसेंबरपर्यंत द्यायचाय. तू खरं काय ते लिही. 'तुला हवं तसं कर' असं लिहू नकोस, त्याचा अर्थ मला कळतो.

पार्सलमध्ये एक चिकट मिठाई आहे, यॉत म्हणतात. परीक्षेआधी मुलांना देतात, कारण यांच्याकडे 'चिकटणे' आणि 'पास होणे' यांना एकच शब्द. आपल्या दही-साखरेची बहीण समज. दाताला सांभाळ. इथल्या जिन्यंगची गोड पर्सिमन पाठवायची फार इच्छा होती, टोमॅटोसारखी दिसतात आणि चिकूच्या वळणाने जातात, पण ताजं फळ पाठवता येत नाही. हिरव्या-काळ्या पातळ कागदांचं पाकीट आजीसाठी. ते समुद्रातलं शेवाळ आहे, मासा नाही, असं तिला नीट सांग. एकादशीला चालतं की नाही ते तिचं तिने ठरवावं.

तुझी,
आई