कोऱ्या चिठ्ठीची पुस्तकं

ती. काकांना,
शि. सा. नमस्कार.

नाव घातलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून घालत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या आपल्या ‘क’ वर्ग वाचनालयातून ज्यांनी पुस्तकं नेली, ते ओळखतीलच.

मी हल्ली पुण्यात एका प्रकाशकाकडे आलेली बाडं वाचते. आपल्याकडे लेखकाचा एजंट सहसा नसतोच. लेखक स्वतःच बाड आणून देतो आणि बहुतेकदा ‘साभार परत’ची चिठ्ठी घेऊन जातो. त्याच्या बाजूने आत कुणी भांडलं तर भांडलं. ते भांडण, पगारात न धरलेलं, माझ्याकडे आलंय. परवा मैत्रिणीने विचारलं, तू नेमकी कसल्या पुस्तकांसाठी भांडतेस? उत्तर देताना तुमचं टेबल डोळ्यांसमोर आलं.

तुम्ही आधी शेवटचं पान उघडायचात. तारखांची चिठ्ठी शिक्क्यांनी भरलेली असली की, “हे तुला कुणीही देईल,” म्हणत कोऱ्या चिठ्ठीचं दुसरं पुढे सरकवायचात. “ने. नाही आवडलं तर उद्या आण.” कधीकधी खरंच उद्याच आणलं. रागावला नाहीत.

बहिणाबाईंची चिठ्ठी मात्र गच्च भरलेली होती, तरी दिलीत. वर गोष्ट सांगितलीत. गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्याचे मावसभाऊ पितांबर चौधरींनी उतरवून ठेवलेली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. मग सोपानदेवांनी बिचकत ती अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. “आणि दाखवलीच नसती तर?” एवढं विचारून तुम्ही शिक्का मारलात. मी सातवीत होते. माझी आजी बोलायची तसली बोली पुस्तकात असते, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

तेव्हापासून ही खोड. ज्याला आपण लेखक आहोत असं वाटतच नाही, त्याचं बाड मी आधी उघडते. बोली नुसती संवादापुरती न ठेवता निवेदनातही आणणारा असेल तर आणखी आधी. यशाची सूत्रं सांगणारी पुस्तकं माझ्याशिवायही छापली जातात. आणि नुसत्या दुःखासाठी मी भांडत नाही. सोसलेलं खरं असूनही लिहिलेलं खोटं वाटतं, असं फार वेळा होतं.

सध्या भांडण चालू आहे ते एका निवृत्त एसटी ड्रायव्हरच्या वहीवरून. दोनशे पानी वही, बॉलपेन, परिच्छेद नावाला नाही. विषय एकच: मुक्कामी गाडी. रात्री शेवटच्या गावात गाडी लावायची, देवळात नाहीतर शाळेच्या ओट्यावर पथारी टाकायची, पहाटे थंडीत इंजिन सुरू होईना की गावातल्या पोरांना उठवून धक्का मारायला लावायचा. कुणाच्या घरून भाकरी यायची आणि कुठल्या गावात कधीच आली नाही, हेही नावानिशी. दोन ठिकाणांहून परत आलेली. आमच्याकडे म्हणाले, यात ‘संघर्ष’ कुठाय, बालपणावर एक प्रकरण लिहून घ्या. मी म्हटलं, नको. तीन बैठकांनंतर पाचशे प्रतींवर गाडी आली आहे. ती नावं मात्र बदलावी लागणार. ड्रायव्हरकाका अजून रुसलेले आहेत.

छापून आलं की वाचनालयाच्या पत्त्यावर एक प्रत टाकते. मागे चिठ्ठी तुम्हीच चिकटवा, घरच्या खळीने.

तुमची,
दंड न भरलेली वाचक