परसातल्या कोंबड्या आणि काउन्सिलचे निरीक्षक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांत परसात कोंबड्या पाळण्याची हौस वाढत असल्याविषयीचा लेख आपल्या अंकात वाचला. त्यात उरलेला भात आणि पोळीचे तुकडे कोंबड्यांना घालण्याचा सल्ला आहे, म्हणून हे पत्र. या देशात तसे करणे बेकायदा आहे. स्वयंपाकघरातून आलेले काहीही, मग ती गाजराची साल का असेना, हौसेने पाळलेल्या कोंबड्यांनाही घालता येत नाही. घर शाकाहारी असले तरी ओट्यावर दूध-तूप असतेच, त्यामुळे सवलत आहे ती फक्त पूर्णपणे व्हीगन, म्हणजे कोणताही प्राणिजन्य पदार्थ न वापरणाऱ्या, घरांना. बागेतून थेट खुराड्यात गेलेला पालक मात्र चालतो. शिवाय 1 ऑक्टोबर 2024 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एकच कोंबडी असली तरी तिची नोंदणी सक्तीची आहे.

नियम जाचक वाटेल, पण त्यामागे 2001 सालची लाळ्या-खुरकूताची साथ आहे. नॉर्थम्बरलँडमधील हेडन-ऑन-द-वॉल येथे एका शेतकऱ्याकडे डुकरांना नीट प्रक्रिया न केलेले खरकटे घातले जात होते आणि साथीचा उगम तिथेच झाला, असा निष्कर्ष पुढे निघाला. जवळच्या मेंढ्यांना लागण झाली, त्या हेक्सम आणि लाँगटाउनच्या बाजारांतून विकल्या गेल्या, आणि फेब्रुवारीत एसेक्समधल्या कत्तलखान्यात डुकरांच्या अंगावर फोड दिसले तोवर विषाणू दूरवर पोचला होता. साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. त्या शेतकऱ्यावर खटला चालवला तो काउंटी काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या, ट्रेडिंग स्टँडर्ड्स विभागाने.

वजनकाटे आणि फसव्या जाहिराती पाहणारे खाते एवढीच या विभागाची बहुतेकांना ओळख असते. प्रत्यक्षात गुरांच्या बाजारात ने-आणीची कागदपत्रे पाहणे, जनावरे उतरवल्यावर ट्रक धुऊन निर्जंतुक केला की नाही हे तपासणे, नवी गाय किंवा मेंढी गोठ्यात आल्यावर सहा दिवस इतर गुरे बाहेर न हलवण्याचा नियम पाळला जातो ना याकडे लक्ष ठेवणे, ही कामेही बऱ्याच ठिकाणी याच विभागाकडे असतात. पशुखाद्याची तपासणीही त्यातच येते, आणि तिचे मोल माणसांच्या जिवाशी जोडलेले आहे: गुरांच्या खाद्यात मिसळलेल्या मांस-हाडांच्या भुकटीतून ‘मॅड काऊ’ रोग पसरला आणि त्याच्या मानवी रूपाने ब्रिटनमध्ये 178 जणांचा बळी घेतला.

असे असूनही 2010 नंतरच्या काटकसरीत या विभागांची माणसे मोठ्या प्रमाणावर कमी करण्यात आली, याची मला मनापासून चिंता वाटते. जी साथ आलीच नाही तिचे श्रेय कुणाला मिळत नाही, त्यामुळे कात्री चालवायला हे खाते सोपे पडते. अनेक काउन्सिले अंदाजपत्रक ठरवण्यापूर्वी रहिवाशांची मते मागवतात. इथल्या मराठी वाचकांनी तेव्हा रस्ते आणि शाळांबरोबर ट्रेडिंग स्टँडर्ड्सच्या निरीक्षकांसाठीही निधी मागावा, आणि कोंबड्यांची नोंदणी राहिली असेल तर ती आधी करून टाकावी.

आपला,
एक वाचक, लीड्स