अंतराळातले प्राणी रंगवताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अंतराळातील प्राण्यांची डिजिटल चित्रे छापून आली, ती सावकाश पाहिली. मी स्वतः टॅब्लेटवर चित्रे काढते, त्यामुळे त्या चित्रकारांची रंगांची जाण आणि हेल्मेटच्या काचेवर उतरवलेली तेजोमेघाची झाक पाहून मनापासून आनंद झाला. एक गोष्ट मात्र खटकली आणि ती माझ्याही चित्रांत कित्येक वर्षे होती, म्हणूनच हे लिहावेसे वाटले. या चित्रांतला जवळजवळ प्रत्येक प्राणी हौसेने सफरीला निघाल्यासारखा दिसतो, आणि प्राणी खरोखरच तिथे पाठवले गेले होते याचा चित्राखाली एका ओळीनेही उल्लेख नसतो.

मांजराचेच घ्या. १८ ऑक्टोबर १९६३ रोजी फ्रान्सने फेलिसेट नावाची काळी-पांढरी मांजरी अग्निबाणातून वर पाठवली. सुमारे १३ मिनिटांच्या उड्डाणानंतर ती जिवंत परतली, पण पुढे मेंदूच्या तपासणीसाठी तिला मारण्यात आले. तिचे चित्र काढताना मी तिचे छायाचित्र समोर ठेवले होते. पेटीतून फक्त डोके बाहेर आलेले आणि त्या डोक्यात बसवलेले इलेक्ट्रोड, म्हणजे मेंदूतले विद्युत संकेत टिपणाऱ्या तारा. चित्र गोड दिसावे म्हणून इलेक्ट्रोडचा लेअर, म्हणजे डिजिटल चित्रातला वेगळा थर, मी बंद करून पाहिला, तर एका टिचकीत तिचे खेळणे झाले. तो लेअर मी पुन्हा चालू केला आणि चित्र तसेच पूर्ण केले.

लायकाच्या बाबतीत तर हे फारच जाणवते. मॉस्कोच्या रस्त्यावरची ही भटकी कुत्री ३ नोव्हेंबर १९५७ रोजी स्पुटनिक-२ या सोव्हिएत यानातून अंतराळात गेली, तेव्हा त्या यानाला परतीची सोयच ठेवलेली नव्हती. आत तिला मागे वळताही येणार नाही अशा बेताने साखळीने बांधले होते. ती अतिउष्णतेमुळे काही तासांतच दगावली, हे जगाला कळायला २००२ साल उजाडले.

कल्पनेला आवर घाला, असे माझे म्हणणे अजिबात नाही. उलट खरी हकीकत चित्रकाराला कितीतरी नवे विषय देते. १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर अराबेला नावाच्या कोळ्याच्या मादीने विणलेले पहिले जाळे विस्कळीत होते, पण थोड्याच दिवसांत तिला वजनरहित अवस्थेतही सुबक जाळे जमू लागले. सप्टेंबर १९६८ मध्ये, म्हणजे माणसाच्याही आधी, झोंड-५ या सोव्हिएत यानातून चंद्राला वळसा घालून आलेली कासवे तर मी अजून कुणाच्या चित्रात पाहिलेली नाहीत.

यापुढे अशी चित्रे छापताना, ज्या प्राण्याची आठवण त्यांमागे आहे त्याचे नाव आणि उड्डाणाची तारीख सोबत द्यावी, ही विनंती. रविवारच्या त्या पानावर फेलिसेटसाठी दोन ओळींची जागा नक्कीच निघाली असती.

आपली नम्र,
एक चित्रकार वाचक